मागच्या चाकांचा हिवाळा

मागच्या चाकांवर चालणारी गाडी हौसेने घेतलेल्या माणसाची हौस म्युनिकमध्ये ऑक्टोबरपर्यंत टिकते. मग शेजारी, सहकारी, बेकरीतल्या बाईसुद्धा विचारतात, "टायर बदलले का?" ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, अशी इथली रीत. कायदा मात्र तारखेत अडकत नाही. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढंच तो सांगतो. नसले तर 60 युरो दंड आणि वाहतूक खात्याच्या वहीत आपल्या नावावर एक काळा ठिपका.

साताऱ्याहून बाबांनी फोनवर विचारलं, "टायर गोटा झालेत का?"

"नाही."

"मग बदलतोस कशाला?"

साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजावं तसं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं, आणि नक्षीत ज्या बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरून ठेवतात. हे सगळं मी सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपली एसटी मागच्या चाकांवरच आंबेनळी घाट चढते," ते म्हणाले. आता आंबेनळीत बर्फ पडत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, पण एसटीचा विषय निघाला की वाद मिटवून घ्यावा.

आमच्या गाडीचं दुखणं साधं आहे. इंजिनाचं ओझं पुढे आणि रेटा मागून. बर्फावर मागची चाकं जागीच गरगरतात, आणि वळणावर पाय जरा जड पडला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. म्हणून जुनेजाणते सांगतात, दोनच हिवाळी टायर घ्या आणि मागे लावा. हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. त्याने गाडी निघेल हो, पण थांबेल कशी? ब्रेक दाबला की भार पुढे जातो, वळायचं कामही पुढच्याच चाकांचं. चढावर अडकलेला माणूस घरी उशिरा पोचतो, इतकंच. उतारावर न थांबलेल्याचं तसं नाही. घ्यायचे तर चारही.

बाजूवर तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह बघायचं. नुसत्या 'एम प्लस एस' या अक्षरांवर 1 ऑक्टोबर 2024 पासून इथे भागत नाही. शेजारी चार आकडे कोरलेले असतात: 3524 म्हणजे 2024 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. दुकानदार सवलतीचं सांगायला लागला की मी वाकून आधी ते आकडे वाचतो. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्यांच्या घराण्यातला आहे मी.

खरी परीक्षा रुंदीची. उन्हाळ्यात माझ्या गाडीला 225 चे रुंद टायर आणि चकचकीत अलॉय. कागदपत्रांत 205 ची 16 इंची चाकंही चालतात असं लिहिलंय. अरुंद टायर ताज्या बर्फात रुतून खालचा रस्ता गाठतो, म्हणून तेच घेतले, काळ्या पोलादी रिमांवर. गाडी आता सरकारी खात्याची वाटते. गॅरेजवाल्याने काढलेल्या प्रत्येक टायरवर पिवळ्या खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं त्याच्या भाषेत लिहिलं आणि भाडं ठरवून चौघांना फळीवर चढवलं.

राहता राहिली वाळू. मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून डिकीत वाळूचं पोतं टाकणारे इथे अजूनही भेटतात. पोतं नीट बांधलं नाही तर ब्रेकसरशी तेच आधी पुढे येतं, आणि वाढलेलं वजन थांबवावंही लागतं. म्हणून मी नको म्हणालो. बायको म्हणाली, भारतीय दुकानातून तांदूळ आणि आटा आणायचाच आहे, महिनाभर डिकीतच राहू दे. लागेल तसं काढू.