तीन शिट्ट्यांचा शहाणा

आमच्या ईटकडच्या माणसाला भाताबद्दल मत नसतं. ज्वारीबद्दल विचारा. मालदांडीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ कशी राहते, यावर पारावर तासभर वाद रंगेल. भात मात्र ताटात शेवटी येतो, आजारपणात येतो, नाहीतर लग्नात येसर आमटीखाली बुडून जातो. भाताची खाचरं मी पहिल्यांदा पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. त्यामुळे एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, एवढं पाठ असलं की आपल्याला भात येतो, असं मी धरून चाललो होतो.

पुण्यात मावळातल्या आणि कोकणातल्या सहकाऱ्यांच्या पंगतीला बसू लागलो आणि बिघडलो. तांदळाचा वास घेऊन मान डोलवायला शिकलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघालो तेव्हा पिशवीत इंद्रायणी, वाडा कोलम, कोकणातला उकडा आणि मणिपूरचा काळा चाखाओ होता. बायकोनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या बॅगेत पोह्यांचा पुडा टाकला. बाई दूरदृष्टीची आहे.

घरी पोचताच जाहीर केलं, "उद्याचा भात माझ्याकडं." नुसता करून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण आधी व्याख्यान दिलं. इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातली, आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून 1987 साली आलेली. वाडा कोलम आणि चाखाओ, दोघांनाही भौगोलिक मानांकन.

आजीनं विचारलं, "ते काढून शिजवायचं का तसंच?"

मी विषय बदलून दादाजी खोब्रागड्यांवर आलो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. 1983 मध्ये पटेल-3 भाताच्या उभ्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्यांचं बी जपलं, वाढवलं, निवडत नेलं. त्यातून बारीक दाण्याचं वाण तयार झालं आणि त्याला नाव पडलं एचएमटी, कारण तेव्हा त्या नावाची घड्याळं जोरात होती.

"नांदेडला कुठं रं भात पिकतोय?" काकू म्हणाल्या. हे नांदेड निराळं, नागभीड तालुक्यातलं, हे समजावण्यात बराच वेळ गेला. तेवढ्यात आईनं कोठीतला पत्र्याचा डबा पुढं सरकवला. "दुकानदार ह्यालाच एचएमटी म्हणतो. एवढा भारी हाय तर हाच शिजीव की."

पण घरचा तांदूळ शिजवून कोण मोठा झालाय?

दुसऱ्या दिवशी काकूंकडचा कार्याचा कुकर आणला. चार डबे एकावर एक: तळाला उकडा, त्यावर इंद्रायणी, मग कोलम, शेंड्याला काळा. सगळ्यांना पाणी दुप्पट. समान न्याय. तीन शिट्ट्या झाल्या. दारात मंडळी जमलेली, आमटी निवत चाललेली. वाफ जिरायची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. मी उलथन्याच्या टोकानं शिट्टी उचलली.

दाब एकदम उतरला की आतलं पाणी उसळतं, हे नववीच्या विज्ञानात असावं. फुस्स करून जांभळा फवारा उडाला. चुन्याच्या भिंतीवर त्याचा ओघळ थेट दिनदर्शिकेतल्या एकादशीपर्यंत आला. कसंबसं झाकण निघालं. वरच्या डब्यातला काळा तांदूळ अजून कचकच वाजत होता, कारण तो कोंड्यासकट असतो, त्याला आधी भिजवावं लागतं. त्याचं पाणी मात्र खालच्या कोलमवर सांडून त्याला वांग्याची कळा आली होती. इंद्रायणीची खळ झाली होती. त्या तांदळात अमायलोज कमी, म्हणून तो मुळात चिकट. त्यावर माझं दुप्पट पाणी, शिवाय वरून ओघळलेलं. तळाचा उकडा कोरडा ठणठणीत राहिला. साळीतच वाफवल्यानं त्याचा दाणा कठीण होतो, त्याला पाणीही जास्त लागतं आणि वेळही. हे ज्ञान मला त्याच रात्री कोकणातल्या सहकाऱ्यानं फोनवर दिलं, हसू आवरत.

आजीनं इंद्रायणीत बोट बुडवून बघितलं. "पतंग चिकटवायला बरं हाय," म्हणाली. वडिलांनी उकड्याचा एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि कवळी काढून धुवायला गेले. मग आईनं काही न बोलता पत्र्याच्या डब्यातला एचएमटी भगुण्यात चढवला. शिट्टी नाही, मोजमाप नाही. पाण्यात बोटाचं पेर बुडवलं, एवढंच. पंगत त्यावर उठली. पोह्यांचा पुडाही फुटला होता, तो कोणी फोडला ते मी विचारलं नाही.

माझा भात काकूंनी घमेल्यात भरून नेला. म्हशीला असणार, असं मला वाटलं. पण त्यांनी जिरं-मीठ घालून तो मळला आणि गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पापड्या घातल्या. बालाघाटाच्या उन्हात त्या खडखडीत वाळल्या. तळल्यावर असा फिकट जांभळा रंग आला की गल्लीतल्या बायका एकेक करून चव घेऊन गेल्या. मी पुण्यात परतल्यावर काकूंचा फोन आला.

"त्यो काळा तांदूळ कसा किलो?"

मी भाव सांगितला. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"र्‍हाऊ दे," काकू म्हणाल्या. "बाजारात जांभळ्या रंगाची पुडी मिळतीया."