डॉक्टर होण्याच्या सात सोप्या पायऱ्या (कालावधी : किमान ११ वर्षं)

अमेरिकेत वाढलेल्या, बायोलॉजीत पदवी घेऊन पुढे 'काहीतरी मेडिकल' करायचं ठरलेल्या मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका आहे. ठरवलं कुणी, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. भारतात बारावी आणि नीट पार पडली की मूल थेट एमबीबीएसला लागतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. पुण्याची तुमच्याच वयाची आत्तेबहीण इंटर्नशिप संपवून नावामागे 'डॉ.' लावेल, तेव्हा तुम्ही मेडिकल स्कूलमध्ये जेमतेम रुळत असाल, तेही सगळं वेळेवर झालं तर. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करून सुरुवात करा.

पायरी १ : मेजर निवडा

आधी बायोलॉजी निवडा, मग चौकशी करा. क्रम उलटा केल्यास घरात वाद होतात. चौकशीत कळेल की बायोलॉजीचीच पदवी आणा, असं मेडिकल स्कूलं म्हणत नाहीत. ती विषयांची यादी देतात. प्रत्येकाची यादी थोडी वेगळी, पण साधारण अशी : प्रयोगशाळेसह वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, ऑर्गेनिक, वर्षभर फिजिक्स, शिवाय बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी, आणि जमल्यास सायकॉलॉजी-सोशियॉलॉजी. एवढं उरकून तुम्ही इतिहासात किंवा संगीतात पदवी घेतलीत तरी कुणाची हरकत नसते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने तर १९८७ मध्येच मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांसाठी एमसीएटी या प्रवेश परीक्षेशिवायची वेगळी वाट काढली. तरीही प्रवेश मिळणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायोलॉजीवाले असतात. यात बायोलॉजीचं कर्तृत्व शोधू नका. अर्ज करणाऱ्यांतही निम्म्याहून जास्त तेच असतात.

या पायरीवर आजी आनंदीबाई जोशींचा दाखला देईल. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. हाताशी ना बॅचलरची पदवी, ना एमसीएटी. उत्तर तयार ठेवा : 'आधी पदवी घेऊन या' ही अट जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये घातली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला, ढिसाळ मेडिकल कॉलेजं एकामागून एक बंद पडली आणि उरलेल्यांनी अटी कडक केल्या. दाखल झालेली मुलं मध्येच गळतात, म्हणून १९२८ मध्ये प्रवेश परीक्षाही आली. थोडक्यात, आनंदीबाईंनी केलं ते अचाट होतं. तुमचं नुसतं लांबलचक आहे.

पायरी २ : चार वर्षांचं वेळापत्रक आखा

पहिल्या वर्षी बायो आणि जनरल केमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी ऑर्गेनिक, म्हणजे ऑर्गो. तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री, उन्हाळ्याच्या तोंडावर एमसीएटी, लगेच अर्ज. चौथ्या वर्षी मुलाखती. एक्सेल शीटमध्ये हे फार सुंदर दिसतं. ऑर्गोच्या पहिल्या मिडटर्मपर्यंत ते तसंच ठेवा.

हायस्कूलच्या एपी परीक्षेत पाच मिळालेत म्हणून कॉलेजचं बायो किंवा केमिस्ट्री गाळणार असाल, तर आधी हव्या त्या मेडिकल स्कूलांचे नियम वाचा. काही ते क्रेडिट मानतात, काही मानत नाहीत, आणि काही म्हणतात की त्याच विषयातला वरच्या पातळीचा कोर्स करा. हे तिसऱ्या वर्षी कळणं महाग पडतं.

पायरी ३ : जीपीए जपा

एमडीच्या बहुतेक कॉलेजांसाठी एकच सामाईक अर्ज असतो, त्याचं नाव ॲमकास. तो दोन हिशेब मांडतो : सगळ्या विषयांचा एक, आणि बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-गणिताचा वेगळा. विषय पुन्हा घेऊन 'सी'चा 'ए' केलात तर ॲमकास तुमचं कौतुक करतं आणि दोन्ही ग्रेड मोजतं. अलीकडे एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर आणि एमसीएटीचा स्कोअर ५११ च्या आसपास आहे. पहिल्याच सत्रात चार अवघड विषय घेऊन आपण काय चीज आहोत हे दाखवायची हौस असेल, तर ती कविसंमेलनात भागवावी.

पायरी ४ : एमसीएटी द्या

परीक्षा साडेसात तासांची, मधल्या सुट्ट्या धरून. चार विभाग, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण. म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी ४७२ मिळतात. इतकं दिलदार शून्य दुसरीकडे सापडणार नाही. बायोलॉजीवाले हमखास अडकतात ते कार्स नावाच्या विभागात. तिथे ९० मिनिटांत नऊ उतारे वाचायचे आणि ५३ प्रश्न सोडवायचे. उतारे कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांवरचे असतात आणि पाठ केलेलं काहीही उपयोगी पडत नाही. मराठी शाळेत रविवारी सकाळी धडा वाचताना जांभया दिल्या असतील, तर त्या इथे भरून द्याव्या लागतात.

पायरी ५ : अनुभव गोळा करा

अर्जात अनुभवांसाठी जास्तीत जास्त १५ चौकोन असतात, प्रत्येकी ७०० अक्षरांचे. प्रचलित पद्धत अशी : डॉक्टरकाकांच्या मागे उभं राहून शॅडोइंगचे तास भरावेत, इस्पितळात स्वयंसेवक होऊन व्हीलचेअर ढकलाव्यात, प्रयोगशाळेत फळमाश्या मोजाव्यात, आणि मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवला असेल तर 'सांस्कृतिक नेतृत्व' म्हणून तोही लिहावा. ढोल लिहाच, कारण तो तुम्ही मनापासून वाजवलात. मनापासून केलेलं सातशे अक्षरांतही ओळखू येतं, आणि रकाना भरण्यासाठी केलेलं तर मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नात उघडं पडतं.

पायरी ६ : कागद तपासा

ही पायरी खरं तर पहिली, पण आपल्याकडे तिचा विषय काढला की सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात. आईबाबा एच-वन-बीवर, ग्रीनकार्डची रांग लांब आणि तुम्ही एच-फोरवर असाल, तर एकविसाव्या वर्षी ते अवलंबित्व संपतं आणि स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यात बरीचशी मेडिकल स्कूलं नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेल्यांचे अर्जच घेत नाहीत, आणि सरकारी स्कूलं आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. इथेच लहानाचे मोठे झालात म्हणून नियम विरघळत नाही. कोणती स्कूलं घेतात, त्यांची यादी पहिल्याच वर्षी करा आणि वकिलाला ऑर्गोच्या आधी भेटा.

पायरी ७ : बाकीची दारं उघडी ठेवा

डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर, हाडवैद्य नसतात. एमडीइतकेच पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात, हे मावशीला एकदाच आणि शांतपणे सांगा. दंतवैद्यकासाठी डॅट ही परीक्षा लागते. तिच्यात कोन आणि घड्या ओळखायचा वेगळा विभाग आहे. फार्मसीची प्रवेश परीक्षा पीकॅट २०२४ मध्ये बंदच झाली. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, आणि नर्सिंग यांना ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हवं असतं. प्री-मेडच्या यादीत ते बहुधा नसतं, म्हणून बायोलॉजीच्या ऐच्छिक विषयांत हेच घ्या. एका दगडात तीन अर्ज. पीएची अनेक कॉलेजं तर रुग्णसेवेचे शेकड्यांनी, काही हजारांवर तास मागतात. बायोलॉजीची पदवी हातात असल्यावर दीडेक वर्षात नर्सिंगची दुसरी पदवी देणारे कोर्स आहेत, आणि जेनेटिक काउन्सेलर व्हायला दोन वर्षांचं मास्टर्स पुरतं. यातलं काहीही 'डॉक्टर न झाल्याची भरपाई' नाही. मात्र तसं घरी म्हणायला ऑर्गोपेक्षा जास्त धैर्य लागतं.

आता बाजूला ठेवलेला प्रश्न : हे ठरवलं कुणी, आणि तुम्हाला ते हवं आहे का? या साती पायऱ्यांवर तुमची स्मरणशक्ती, चिकाटी, इंग्रजी आणि बापाचा खिसा यांची परीक्षा होते. आजारी माणसाजवळ बसायला तुम्हाला आवडतं का, हे मात्र कुठलाच पेपर विचारत नाही. लोक ते तिसऱ्या वर्षी, रकाने भरता भरता शोधतात. तोवर फी भरलेली असते आणि नातेवाइकांना सांगून झालेलं असतं.

म्हणून वेळापत्रकात एवढा एक बदल करा. पहिल्याच उन्हाळ्यात सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स घ्या. केंद्राच्या नियमानुसार तो किमान ७५ तासांचा असतो, अनेक राज्यांत त्याहून जास्त. मग वृद्धाश्रमात काम करा. तिथे कुणाला कुशीवर वळवावं लागतं, कुणाला भरवावं लागतं, बेडपॅन उचलावं लागतं, आणि तेच तेच विचारणाऱ्या आजोबांना दहाव्यांदा उत्तर द्यावं लागतं. ऑगस्टमध्ये पुन्हा जावंसं वाटलं, तर ऑर्गो घ्या. 'सी' आला तरी तुम्ही निभावून न्याल. नाही वाटलं, तर आईबाबांना त्याच महिन्यात सांगा. पदवीची तीन वर्षं अजून हातात असतील, आणि बायोलॉजी शिकायला डॉक्टर व्हावंच लागतं असं कुठल्याही कॉलेजने म्हटलेलं नाही.