भाऊंची तेरीज

‘सप्टेंबरपर्यंत थांबू या’ म्हणणारा एक तरी माणूस तुमच्या नात्यात असणारच. त्याच्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली असते, बॅटरी दुपारच्या चहापर्यंत कशीबशी तग धरते, कव्हर मूळचं कुठल्या रंगाचं होतं यावर घरात मतभेद असतात. आणि तरी हा माणूस लग्नात, बारशात, प्रसंगी तेराव्यालाही तुम्हाला बाजूला घेऊन विचारतो, ‘‘तुमचं काय मत? अँड्रॉइडच ठेवू, की आयफोनवर जाऊ?’’ तुम्ही मत दिलंत की संपलात. कारण त्याला मत नकोच असतं, नोंद हवी असते.

आमच्या घराण्यात ही जागा साडूंनी भरून काढली आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. उभी हयात एका सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात काढून निवृत्त झाले आणि आता डोंबिवलीत बसून अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचे हिशेब लिहितात. लिहितात हे शब्दशः. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची, लांबुळकी, रोजमेळाची वही आहे. वर ‘श्री’, खाली मधोमध उभी रेघ. आयफोनच्या बाजूने बोलणारं सगळं डावीकडे, जमा. अँड्रॉइडच्या बाजूने बोलणारं उजवीकडे, नावे. आणि प्रत्येक कलमापुढे रुपयांत रक्कम. ‘मागे जायचं बटण नाही : २,५००, नावे.’ ‘जुना विकताना भाव चांगला येतो : ६,०००, जमा.’ ‘मेहुणीच्या मुलाकडे आहे, अडलं तर विचारता येईल : ७५०, जमा.’ हा मुलगा म्हणजे आमचा चिरंजीव. त्याची किंमत साडेसातशे लावलेली पाहून बायको दोन दिवस बहिणीशी बोलली नव्हती.

तुमच्या-माझ्यासारखा माणूस अशी वही लिहील ती कुठली बाजू भरते हे बघायला. भरली की उठेल, दुकानात जाईल, मोकळा होईल. भाऊंची गोष्ट निराळी. बँकेत त्यांनी एकच गोष्ट मनापासून केली, दोन्ही बाजू जुळवल्या. तेरीज जुळली की दिवस संपला, डबा पिशवीत, ६.१२ची लोकल. नाही जुळली तर चार आण्याच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत कीर्द-खतावणी पिंजायची. त्यामुळे या वहीतही जमा-नावे सारखे झाल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, आणि सारखे झाले की निर्णय घ्यायला काही उरत नाही. मी एकदा हे त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले, ‘‘मग? जुळलं ना?’’

२०२३ साली मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. त्या एप्रिलच्या १८ तारखेला मुंबईत बीकेसीला अॅपलचं दुकान उघडलं. टिम कुक स्वतः आले होते. भाऊ गर्दी ओसरल्यावर, मे महिन्यात, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाने गेले. तिथे त्यांना असं काही सापडलं की जे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं : जिथे ‘घ्यायचं काय ते बोला’ असं कुणी म्हणत नाही असं दुकान. टेबलावर फोन मांडलेले, हात लावायला मुभा, वर एक हसतमुख मुलगा शंकानिरसनाला हजर. भाऊंनी वही उघडली. त्या पोराचा दोष एवढाच की त्याने ‘अजून काही विचारायचंय का, सर?’ असं विचारलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला, ‘‘अजून आले नाहीत हो हे.’’

मग सप्टेंबर उजाडला. इथे एक खुलासा करायला हवा. अॅपलवाल्यांना पंचांग कळत नाही ही भाऊंची जुनी तक्रार. नवा आयफोन येणार सप्टेंबरात आणि बहुतेक वेळा तोच नेमका पितृपक्ष. २०२२ला विक्री सुरू झाली १६ सप्टेंबरला : पितृपक्ष. २०२४ला २० सप्टेंबरला : पितृपक्ष. २०२५ला १९ सप्टेंबरला : सर्वपित्री दोन दिवसांवर. ‘‘त्या कुकला कुणीतरी एक दाते पंचांग पाठवा रे,’’ असं ते कळवळून म्हणतात. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, म्हणून घटस्थापना. घटस्थापनेला दसऱ्याची जाहिरात दिसते, दसऱ्याला दिवाळीची. दिवाळीत कार्डावरची सवलत नेमकी त्यांच्या बँकेला नसते. गुढीपाडव्यापर्यंत मॉडेल निम्मं जुनं झालेलं असतं, आणि मग सप्टेंबर तो काय लांब!

पण २०२३ला अधिक श्रावण आला आणि सगळं पुढे सरकलं. गणपती १९ सप्टेंबरला बसले, फोन २२ला विक्रीला आला. ऐन गणेशोत्सवात! त्यात युरोपच्या कायद्यापुढे मान तुकवून कंपनीने त्या वर्षी टाइप-सीचं भोकही दिलं. म्हणजे ‘घरातल्या चार वायरी फुकट जातील’ हे भाऊंचं सर्वांत भक्कम नावे-कलम एका रात्रीत रद्द. त्याच्या आदल्या वर्षी व्हॉट्सअॅपचे जुने संदेश अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायची अधिकृत सोय झाली होतीच, तेही कलम गेलेलं. मुहूर्त होता, पैसे होते, अडचण नव्हती. वहीत जमेच्या बाजूला ३,२०० रुपये जास्त येत होते.

माणूस जेवेना. ताईंनी रात्री हिला फोन केला, ‘‘सारखे पानं उलटतायत. मोदकाला हात लावला नाही.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भाऊंचा मला फोन. आवाज स्वच्छ, मोकळा. ‘‘सापडला! अॅपल फुकटात जागा देते ५ जीबी. गुगल देतं १५. हे १० जीबी धरायचेच राहिले होते.’’ दर जीबीला ३२० रुपये असा हिशेब त्यांनी लावला होता. हा दर कुठल्या बाजारातला हे विचारण्यात अर्थ नव्हता. तेरीज जुळली होती. त्या दिवशी त्यांनी अकरा मोदक खाल्ले असं ताई सांगतात.

आता हसायचं तर हसा, पण यात सगळा दोष भाऊंचा नाही. त्यांची वही जुळते याचं एक कारण असं की त्या दोन कंपन्याच रात्रंदिवस ती जुळवत बसल्या आहेत. भाऊंनी ‘आयफोनला वर्षानुवर्षं अपडेट मिळतात’ असं जमेला लिहावं, तर जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने आपल्या एस-२४ला सात वर्षांचं वचन द्यावं. ‘अँड्रॉइडवर अॅपची चित्रं हवी तिथे मांडता येतात’ हे नावे पडावं, तर त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोनने ती मुभा द्यावी. प्लंबर शब्द फिरवतो म्हणून भाऊंनी ‘कॉल रेकॉर्डिंग’ला चक्क ४,००० लावले होते. ऑक्टोबर २०२४ला तेही आयफोनवर आलं. एकाच्या ताटातलं उचलून दुसरा खातो, दुसऱ्याचं उचलून पहिला, आणि मग दोघेही जाहिरातीत सांगतात की आम्ही किती वेगळे! आपण दीड लाख खिशात घेऊन नेमकं कशातून काय निवडतो आहोत, हा प्रश्न दुकानात कुणाला पडत नाही. भाऊंना पडतो, एवढाच त्यांचा गुन्हा.

२०२५ची गंमत राहिलीच. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तोच दिवस घटस्थापनेचा. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून दुकानात हजर. मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. मोबाइलचा १८ होता तो १८च राहिला. भाऊ टीव्ही बघून परत आले.

ताई म्हणतात, ‘‘मला बघायला आले तेव्हा कुठे गेली होती वही?’’ विनोद म्हणून ठीक. पण त्याचं उत्तर ताईंनाही ठाऊक आहे. तेव्हा निवडायचं नव्हतंच काही. भाऊंनी कॉमर्सला जायचं हे वडिलांनी ठरवलं, बँकेत चिकटवलं मामांनी. टेलिफोनसाठी नाव नोंदवलं आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. बजाजचा नंबर लागला तेव्हा स्कूटर जो रंग आला त्या रंगाची घेतली. डोंबिवलीचा ब्लॉक ओळखीतल्या बिल्डरचा. ‘तुम्हाला यातलं काय आवडेल?’ असं त्या पिढीला कुणी विचारत नव्हतं. मिळतंय हेच नशीब.

आणि पहिल्यांदा जेव्हा त्यांनी स्वतःच्या मनाने निवड केली, तेव्हा काय झालं? २०१३ साली भाऊंनी नोकियाचा ल्युमिया ५२० घेतला. पिवळाजर्द. सगळे अँड्रॉइडकडे धावत असताना या माणसाने विंडोज फोन घेतला, कुणालाही न विचारता, वही-बिही न लिहिता. ‘‘नोकियाचं यंत्र, मायक्रोसॉफ्टचं डोकं, हे बुडेल कसं?’’ असं छाती पुढे काढून सांगत फिरायचे. त्याच सप्टेंबरात नोकियाने फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं. पुढे मायक्रोसॉफ्टनेही अंग काढून घेतलं. एकेक अॅप निघून गेलं. भाऊ मात्र मागचं झाकण उघडून बॅटऱ्या बदलत तो चालवत राहिले. ३१ डिसेंबर २०१९ला व्हॉट्सअॅपने विंडोज फोनला रामराम ठोकला. आम्ही सगळे गच्चीवर नव्या वर्षाचे संदेश धाडत होतो आणि भाऊ त्या पिवळ्या फोनमधले आपले जुने संदेश चष्मा वर करकरून वहीत उतरवून घेत होते. ती वही तेव्हाची. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मिळेल तो अँड्रॉइड आणला, ‘तात्पुरता’. तोच हा, तडकलेल्या काचेचा.

एक मात्र कबूल करावं लागतं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर कधी करणार नाही. माझ्या आईचा फोन बादलीत पडला तेव्हा आमच्या स्मार्ट चिरंजीवाने ‘गेलं सगळं, नवा घे’ असा निकाल दिला. भाऊ डोंबिवलीहून आले. आईची पिवळी पडलेली डायरी घेऊन बसले आणि एकेक नंबर नव्या फोनमध्ये हाताने भरला. ‘दूधवाला जुना’, ‘दूधवाला नवा’, ‘गॅस (उचलत नाही)’. त्यात गेलेल्या माणसांचीही नावं होती. ‘‘ही राहू देत,’’ मी हळूच म्हटलं. भाऊ मान वर न करता म्हणाले, ‘‘खातं बंद झालं म्हणून वहीतून कुणी पान फाडत नाही.’’ आणि आईकडे वळून विचारलं, ‘‘वन्संच्या पुढे ‘दादर’ लिहू, की ‘गिरगाव’?’’

गेल्या डिसेंबरात त्यांची लेक न्यू जर्सीहून आली आणि येताना बाबांना नवाकोरा आयफोन घेऊन आली. भाऊंनी आधी सेफ्टीपिन मागवली आणि सिमचं भोक शोधायला लागले. चारही कडा तपासल्या. भोक नाहीच! अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना चौदापासून सिमची जागाच नसते, सगळं ई-सिम. ‘‘बाबा, द्या इकडे,’’ म्हणून लेकीने फोन घेतला, दोन्ही फोन शेजारी ठेवले, पासवर्ड विचारला, चहा पिता पिता सगळं इकडचं तिकडे केलं आणि जुना फोन ‘कामवाल्या मावशींना देऊ’ म्हणून पुसूनही टाकला. ज्या उंबरठ्यावर भाऊ सहा सप्टेंबर उभे होते तो तिने एका कपात ओलांडून दिला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. म्हटलं, आता दोन तास ऐकावं लागणार. विचारलं, ‘‘काय भाऊ, कसा आहे?’’

‘‘चांगला आहे.’’

बस. मागे कसं जायचं याची तक्रार नाही, वजनाची नाही, चार्जरची नाही. टीव्ही लावून बसले. वही शोकेसमध्ये, लेकीच्या पदवीच्या फोटोमागे. ताई आत म्हणाल्या, ‘‘हल्ली नऊलाच झोपतात हो.’’ जी शांतता यावी म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं देव पाण्यात ठेवले होते, ती आली होती. आणि मला ती एक मिनिट सहन होईना.

माझा फोन ठणठणीत आहे. अजून तीन वर्षं त्याला धक्का लागायचं कारण नाही. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘भाऊ, मीही आयफोन घ्यावा म्हणतोय. पण मन धजत नाही.’’

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘‘किती वर्षं झाली याला? बॅटरी कितीला संपते? कर्ज-बिर्ज काढणार नाही ना? थांबा.’’ उठले, फोटो बाजूला केला, नवं पान काढलं, ‘श्री’ लिहिलं, मधोमध रेघ ओढली आणि माझं नाव घातलं.

आता आठवड्यातून तीनदा त्यांचा फोन येतो. बायको म्हणते, तुम्हीच ओढवून घेतलंत, भोगा. काल रात्री साडेदहाला मी दिवा मालवत होतो तेवढ्यात वाजला.

‘‘झोपलात का? काही नाही, सत्तर रुपयांचा फरक येत होता तुमच्यात. सापडला. आत्ताच्या फोनचं कव्हर धरायचं राहिलं होतं. बिल आहे का त्याचं?’’