गॅपसर

शाळेत प्रत्येक मास्तराला दोन नावं असतात. एक हजेरीपटावरचं आणि दुसरं मुतारीच्या भिंतीवरचं. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या या गृहस्थांचं भिंतीवरचं नाव गॅपसर. नव्या पालकांना वाटतं, समोरच्या दोन दातांत फट आहे म्हणून असेल. फट आहे, पण नाव तिच्यावरून पडलेलं नाही. ते पडलं सरांच्या लाडक्या सिद्धान्तावरून. दोन माणसांत माहितीची गॅप असेल तरच खरं बोलणं होतं, असं त्यांचं म्हणणं. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, म्हणून दुसरा तोंड उघडतो. दोघांनाही ठाऊक असलेलं मोठ्याने म्हटलं तर ती आरती झाली, संवाद नव्हे.

ऐकायला हे बरं वाटतं. शेजारच्या वर्गात गणित शिकवायची पाळी आली की जरा कमी बरं वाटतं. ती पाळी माझ्यावर आहे. नववी अ आणि नववी ब यांच्यामध्ये प्लायवुडचं एक पार्टिशन आहे आणि तिकडचा संवाद इकडे यायला त्यात गॅपा भरपूर आहेत.

स्टाफरूममध्ये मात्र पार्टिशनही नसतं. चहावाला पोरगा आला की मी सवयीने विचारतो, "सर, चहा घेणार ना?"

"तुम्हाला उत्तर माहीत आहे," गॅपसर म्हणतात. "मी रोज घेतो. मग विचारलंत कशाला? हा डिस्प्ले क्वेश्चन झाला."

ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच पाठ असतं तो डिस्प्ले क्वेश्चन. सरांच्या मते जगात असे प्रश्न फक्त मास्तर आणि फौजदार विचारतात, आणि त्यातल्या त्यात फौजदाराला निदान थोडी शंका तरी असते. हातात पेन धरून 'व्हॉट इज धिस?' असं पन्नास पोरांना विचारणारा माणूस शाळेबाहेर कुठे दिसला, तर लोक त्याला हाताला धरून घरी पोचवतील.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठल्याशा प्रशिक्षण शिबिरात शिरलं. तोवर ते चारचौघांसारखे होते. 'आय गो, वुई गो, यू गो' फळ्यावर लिहीत, पोरं सुरात म्हणत, आणि तोंडी परीक्षेत तीच पोरं 'ही गो' म्हणत. शिबिराहून परतले ते दर दोन वाक्यांमागे 'प्रभू म्हणतात' असं म्हणू लागले. आम्हाला वाटलं, माणूस कुठल्या तरी संप्रदायात गेला. चित्रकलेच्या बाईंनी तर गळ्यात माळ आहे का तेही बघून घेतलं. पुढे उलगडा झाला की हे प्रभू म्हणजे एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत 'बंगलोर प्रकल्प' चालवला. पोरांना व्याकरण म्हणून काही शिकवायचंच नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा, डोकं चालवून सोडवायचं कोडं द्यायचं. डोकं अर्थामध्ये गुंतलं की भाषेचे नियम मागच्या दाराने आत येतात, असा त्यांचा विचार. गॅपाही त्यांनी तीन सांगितल्या आहेत: माहितीची, तर्काची आणि मताची. गॅपसरांनी तिन्ही मनोभावे स्वीकारल्या. फक्त व्याकरण मुद्दाम शिकवायचं नाही हे पथ्य त्यांना झेपलं नाही. अखेर पगार त्याचाच होता. म्हणून पेनी अर बाईंचं 1988 सालचं व्याकरणाच्या सरावाचं एक पुस्तक त्यांनी मिळवलं आणि नियमांना खेळाचे कपडे घालायला सुरुवात केली.

पहिला मोठा प्रयोग एसटीच्या वेळापत्रकाचा. विषय साधा वर्तमानकाळ. अर्ध्या वर्गाला एक कागद, अर्ध्याला दुसरा. याच्याकडे पंढरपूरची वेळ कोरी, त्याच्याकडे बार्शीची. पोरं पाठीला पाठ लावून बसवली. कागद दाखवायचा नाही, विचारून घ्यायचं: 'व्हॉट टाइम डज द पंढरपूर बस लीव्ह?'

आता इथे एक अडचण आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत फारशी भेटत नाही. तिकडच्या वर्गात एक जपानी, एक ब्राझिलियन, एक तुर्की अशी मंडळी बसलेली असतात. त्यांना गॅप बुजवायला इंग्रजीशिवाय दुसरं काही नसतं. आमच्या नववी बमध्ये सगळ्यांना मराठी येतं. "ए, पंढरपूर कधी रे?" "सात." झाली गॅप बंद. दीड मिनिटात कागद भरून पोरं मागच्या बाकावर पेनफाईट खेळायला मोकळी. यावर सरांनी इलाज काढला. प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे द्यायचे आणि मराठी शब्द निघाला की एक दाणा जोडीदाराला. दंडाची रक्कम वसूल होण्याआधीच गुन्हेगारांनी खाऊन टाकली.

पण त्याच तासाला एक गोष्ट घडली. रोज वाडीवरून एसटीने येणारं एक पोरगं तोवर वर्गात खोकण्यापलीकडे आवाज काढत नसे. जोडीदाराने वाचलं, 'इट लीव्ज अ‍ॅट सेव्हन.' हे उठून उभं राहिलं. "नो सर! इट डज नॉट लीव्ह अ‍ॅट सेव्हन. इट स्टँड्स. ड्रायव्हर ड्रिंक्स टी. देन कंडक्टर ड्रिंक्स टी. देन इट लीव्ज." दुसरं ओरडलं, "येस्टरडे इट डिड नॉट कम!" तिसऱ्याने दुरुस्ती केली, "इट केम, बट इट डिड नॉट स्टॉप!" मग एसटीविषयी सबंध तालुक्याची जी कैफियत होती, ती नकारार्थी वाक्यांतून धो धो वाहू लागली. 'डज नॉट'च्या मागे मूळ क्रियापद येतं, हा नियम फळ्यावर कितीदा लिहिला तरी ज्यांना 'डज नॉट गोज' म्हणायची सवय होती, ती पोरं चिडल्यावर एकदाही चुकली नाहीत. पार्टिशनपलीकडून माझ्या वर्गातल्या दोघांनी 'सॅटर्डे आल्सो!' अशी पुरवणी जोडली आणि माझं बीजगणित त्या दिवसापुरतं बसलं.

सरांचे डोळे पाणावले होते. पोरांना वाटलं, शेंगदाण्यांचा हिशेब लागला.

आमच्याकडे इंग्रजीचे थोरले सरही आहेत, निवृत्तीला टेकलेले. त्यांचा भरवसा रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर. 'चेंज द व्हॉइस' म्हटलं की त्यांची पोरं 'राम किल्ड अ स्नेक'चं 'अ स्नेक वॉज किल्ड बाय राम' डोळे मिटून करतात. गॅपसरांना हा साप चावल्यासारखं होतं. रामाने साप मारला असं सांगायचं असेल तर रामाने साप मारला असंच सांगतील ना लोक! त्यात हेच रेनसाहेब 1924 साली 'बो जेस्ट' नावाची वाळवंटातल्या शिपायांची साहसकादंबरी लिहून बसलेले. "एवढा थरार अंगात असलेला माणूस," गॅपसर हळहळतात, "आणि व्याकरणात त्याचा एक थेंब सांडू दिला नाही!"

मग पॅसिव्ह हवा कशाला? तर करणारा माहीत नसतो तेव्हा, किंवा माहीत असून सांगायचा नसतो तेव्हा. हे त्यांनी नववी बला समजावलं आणि गृहपाठ दिला: आपल्या हातून झालेलं नुकसान, आपलं नाव न येता, पाच वाक्यांत लिहा. पोरांनी इतक्या आवडीने केलेला गृहपाठ मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

त्याच आठवड्यात हेडसरांच्या केबिनची काच फुटली. हेडसर चेंडू घेऊन नववी बमध्ये आले. "कोणी फोडली?"

सगळे गप्प. मग मागून एक विनम्र आवाज आला, "सर, द ग्लास हॅज बीन ब्रोकन."

"ते मला दिसतंय. कोणी?"

"इट वॉज हिट बाय अ बॉल, सर."

"आणि बॉल कोणी मारला?"

"द बॉल वॉज हिट व्हेरी हार्ड, सर," असं पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिने आयुष्यात बॅट धरलेली नव्हती, पण गृहपाठात तिला पैकीच्या पैकी होते.

हेडसरांनी मदतीसाठी दाराकडे पाहिलं. दारात गॅपसर उभे होते आणि बोटांवर मोजत होते. "एकानेही माणूस लावला नाही, सर! बॉल लावला, पण माणूस नाही! हे पुस्तकात नाही हो सापडत!" काचेचे पैसे त्यांनीच भरले आणि आपल्या वहीत शैक्षणिक साहित्य या सदराखाली मांडले.

यानंतर खरं तर त्यांनी थोडं थांबायला हवं होतं. पण त्यांनी 'इफ आय वेअर' घेतलं. विषय पोरांच्या हाती सोपवला आणि पोरांनी 'इफ आय वेअर द हेडमास्टर' निवडला. भित्तिपत्रकावर एकाने लिहिलं की मी हेडमास्तर असतो तर प्रार्थनेला वेळेवर आलो असतो. हेडसर चष्मा पुसून सगळं भित्तिपत्रक वाचून गेले. लाल पेन घेऊन आले होते. व्याकरणाची एकही चूक सापडली नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने ते खाली उतरवायला लावणं शोभेना.

एका बाबतीत थोरले सर बरोबर आहेत, हे मलाही कबूल करावं लागतं. गॅपसरांचा वेग भयंकर कमी. प्रेझेंट परफेक्टसाठी 'हॅव यू एव्हर सीन द सी?' असं विचारत पोरांना वर्गभर हिंडवायचं आणि समुद्र पाहिलेला माणूस शोधायचा, हा त्यांचा आवडता खेळ. आमच्या भागात समुद्र पाहिलेलं माणूस चटकन सापडत नाही. शोध पुढच्या तासावर जातो, मग शिपाईमामांपर्यंत पोचतो. हुशार पोरं वैतागतात. त्यांना नियम द्या, उदाहरणं द्या, मार्क द्या, संपलं. बोलायला लागतात ती ढ पोरं, आणि गुणवत्ता यादी काही त्यांच्या बोलण्यावर लागत नाही.

घरी तर शोकांतिका. संध्याकाळी मंडईतून येतात आणि पिशवी पाठीमागे धरून दारातच उभे राहतात. 'पिशवीत काय आहे? वीस प्रश्न. उत्तर फक्त येस किंवा नो.' हा ट्वेंटी क्वेश्चन्सचा खेळ लग्नानंतर काही महिने चालला म्हणतात. मग एक दिवस वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "स्वयंपाक तुम्ही करणार का?" उत्तर नो आलं आणि पिशवी स्वयंपाकघरात गेली. सर मात्र दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगत होते, की आमच्या हिच्या प्रश्नात खरी गॅप असते.

आणि तरी माणूस अगदीच हवेत नाही. जानेवारी उलटला की दहावीच्या वर्गावर त्यांचा आवाज बदलतो. बोर्डाची पत्रिका गॅप वगैरे विचारत नाही. ती 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' म्हणते आणि मुकाट्याने करावं लागतं. त्या दिवसांत ते एका बाजूला बसून पेनी अर बाईंचं पुस्तक फार तल्लीन होऊन वाचताना दिसतात. जवळून पाहिलं तर आत '21 अपेक्षित' असतं. मी ते कधी बोलून दाखवत नाही. उत्तर मला माहीत आहे, मग विचारायचं कशाला?

परवा तपासणीला विस्तार अधिकारी आले होते. हेडसरांनी त्यांना नववी बपासून शक्य तितकं लांब ठेवलं, पण साहेब चुकून त्याच दारात शिरले. पोरं पाठीला पाठ लावून बसलेली, कागद छातीशी धरलेले, गोंगाट असा की साहेबांना आधी दंगल वाटली. साहेबांनी वर्ग शांत केला. खिशातून पेन काढलं. वाडीवरच्या त्या पोरासमोर धरलं आणि खणखणीत विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पोरगं गोंधळलं. पेनाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग पुन्हा पेनाकडे. अखेर अत्यंत काळजीच्या सुरात म्हणालं, "सर, डोन्ट यू नो?"

हेडसरांनी खिडकीची चौकट धरली. पोरगं मात्र मदतीला पुढे सरसावलं होतं. साहेबांच्या हातातलं पेन घेऊन, टोपण काढून, त्यांना समजेल अशा बेताने एकेक शब्द सावकाश उच्चारत ते सांगू लागलं, "इट इज अ पेन, सर. यू राइट विथ इट."

साहेब काही बोलले नाहीत. ऑफिसात जाऊन त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: 'इंग्रजी व्याकरणाच्या सरावाकडे अधिक लक्ष देण्यात यावे.' संध्याकाळी हेडसरांनी गॅपसरांना बोलावून ते पान पुढे केलं. गॅपसरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"देण्यात यावे!" ते म्हणाले. "कोणी द्यायचं ते कुठेच नाही! सर, एवढं पान मला उद्यापुरतं द्या. नववी बला दाखवतो."