लाल ठिपक्याची निमताना मोजणी

ज्याच्या हयातीचा मोठा भाग मोजणी खात्यात निमतानदार म्हणून, म्हणजे भूकरमापकाने केलेली मोजणी पुन्हा मोजून तिच्यातील तफावत वरिष्ठांस कळविण्याच्या कामी, खर्ची पडला, त्यास निवृत्तीनंतरही एखादी रेषा सरळ असल्याचे कोणाच्या नुसत्या सांगण्यावरून मान्य करवत नाही. ही खोड सोबत घेऊन मी पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टर परगण्यात राहणाऱ्या भाच्याकडे गेलो, तो हरणांच्या शिकारीचा हंगाम अगदी तोंडावर आला होता. त्या प्रांती या हंगामाचे माहात्म्य असे की, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या ज्या सोमवारी बंदुकीच्या शिकारीस आरंभ होई, त्या दिवशी पिढ्यान् पिढ्या गावोगावच्या शाळांना सुटी मिळत आली. पुढे २०१९ साली हा मुहूर्त शनिवारवर आला, तरी पुष्कळ शाळांनी सोमवारची सुटी सोडली नाही, आणि सुटीच्या बाबतीत मास्तर मंडळींची निष्ठा सर्व खंडांत सारखीच असते हे पाहून मला परमुलखात थोडे आपलेपण वाटले.

आमच्या घराण्यात झुरळ मारावयाचे झाल्यास ते कामही गड्याकडे सोपविण्याचा परिपाठ. परंतु भाच्याने कचेरीतील सोबत्यांच्या आग्रहास मान देऊन, शिकारीचा रीतसर वर्ग पुरा करून व परवाना काढून, थर्टी-ऑट-सिक्स जातीची, म्हणजे जिचे काडतूस अमेरिकन लष्कराने १९०६ साली मुक्रर केले त्या जातीची, एक रायफल खरेदी केली होती. तिच्यावर दुर्बीण बसविली होती. आणि या दोघींत समेट घडवून आणण्यासाठी बोटभर लांबीचा एक लेसरही आणला होता.

समेटाचे कारण असे. नळी आणि तिच्या डोक्यावर दीडेक इंच उंचीवर बसविलेली दुर्बीण यांचे नाते एकाच वाड्यात चुली वेगळ्या मांडलेल्या भावांसारखे असते. दुर्बीण जेथे पाहते तेथे नळी पाहतेच असे नाही, आणि मरावयाचे कोणी हे ठरविण्याचा अखत्यार मात्र सर्वस्वी नळीकडे. म्हणून लेसरची दांडी नळीच्या तोंडात खोचावयाची (काही लेसर काडतुसाच्याच आकाराचे असून मागल्या बाजूने घालतात), पंचवीस यार्डांवरच्या कागदावर त्याचा लाल ठिपका पाडावयाचा, आणि दुर्बिणीतील आडव्या-उभ्या तारांची फुली त्या ठिपक्यावर येईपर्यंत तिच्या दोन चकत्या फिरवावयाच्या. दिवसाउजेडी तो ठिपका त्या अंतरावर जवळजवळ दिसेनासा होतो, सबब हा समारंभ कातरवेळी परसात योजिला होता. लेसर नळीत असताना बार काढू नये, ही सूचना पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेली होती. तोंडाशी अडसर असलेली नळी फुटते, हे छापून सांगावे लागणे हा मनुष्यजातीविषयी कारखानदारांनी दिलेला दाखलाच म्हणावयाचा.

“मामा, बघा, ठिपका बरोबर पडला!” भाचा आनंदाने म्हणाला.

“पडला खरा,” मी म्हणालो, “आता तो लेसर नळीतल्या नळीत अर्धा फिरव.”

त्याने फिरविला, आणि ठिपका तीन बोटे डावीकडे सरकला. पुरा फेरा दिला तेव्हा त्याने कागदावर एक वर्तुळच काढून दाखविले. भाच्याचा चेहरा उतरला, पण माझे चित्त प्रसन्न झाले, कारण साक्षीदाराचीच चाल वाकडी असल्याचा संशय खरा ठरण्यासारखे सुख निमतानदारास दुसरे नाही. थिओडोलाइटने कोन मोजताना दुर्बीण एकदा डाव्या व एकदा उजव्या मुखावर घेऊन दोहोंचा मध्य काढतात तो याचसाठी. यंत्राचा दोष दोन्ही वेळा उलटसुलट पडतो व मध्यात मिटतो. तेव्हा वर्तुळाचा मध्यबिंदू तेवढा खरा मानावा, असा मी हुकूम केला.

पुढे चकत्यांचे प्रकरण निघाले. पुस्तिकेत लिहिले होते की चार टिचक्या फिरविल्या असता एक इंच फरक पडतो. भाच्याने चार फिरविल्या, आणि फुली जागची फारशी हलेना. तो हिशेब शंभर यार्डांचा होता. पंचवीस यार्डांवर त्याच एका इंचास सोळा टिचक्या लागतात, हे त्रैराशिक मी त्यास घातले. ज्या गृहस्थाच्या हाताखाली संगणकांचा ताफा आहे त्यास त्रैराशिक शिकविण्याचा योग फार थोड्या मामांच्या नशिबी असतो.

हे चालले असता कुंपणापलीकडचा म्हातारा शेजारी, ज्याची हयात लेथवर लोखंड कातण्यात गेली होती, तो येऊन पाहत उभा राहिला. त्याने रायफलीचा बोल्ट काढला, ती पोत्यांवर स्थिर ठेवली, मागून नळीच्या आरपार पाहून दूरच्या एका धुराड्याचे टोक नळीच्या मधोमध आणले, आणि बंदुकीस धक्का न लावता दुर्बिणीची फुली त्याच टोकावर आणून बसविली. या विद्येस बॅटरी लागत नाही, म्हणून बहुधा तिची जाहिरातही होत नाही.

शिवाय तो म्हणाला की प्रकाश सरळ जातो, पण गोळीस वजन आहे. मी आकडे मांडून पाहिले: पंचवीस यार्डांवर रेषा जुळविली, तर शंभरावर गोळी सुमारे दोन इंच उंच लागावी आणि दोनशेच्या आसपास पुन्हा खाली येऊन दृष्टिरेषेस भेटावी. हा आलेख इतका सुबक निघाला की मी त्याखाली सवयीने सही केली.

शनिवारी चांदमारीच्या मैदानावर म्हाताऱ्याच्या समक्ष भाच्याने शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकमेकींस लगटून बसल्या, पण मध्यापासून चार इंच डावीकडे. म्हाताऱ्यास नवल वाटले नाही: बार उडताच नळी थरथरते, गोळी बाहेर पडण्याआधीच धक्का सुरू होतो, आणि काडतुसाचा छाप बदलला तरी गोळी जागा बदलते, लेसरच्या शेऱ्याने गोळी कागदावर लागण्याची तजवीज होते, बाकी फैसला गोळीचाच. त्याने चकती सोळा टिचक्या उजवीकडे फिरवून दिली आणि पुढच्या गोळ्या मध्यात गेल्या.

परतताना माझा पूर्वीचा हुद्दा त्यास कळला, तेव्हा त्याचा सूर एकदम अदबीचा झाला. या प्रांताची दक्षिण हद्द दोन जमीनदार घराण्यांच्या तंट्यापायी मेसन व डिक्सन या इंग्रज मोजणीदारांनी १७६३ ते १७६७ या काळात तारे पाहून आखली, हे त्याने मला सांगितले. आणि मग हळूच विचारले की, त्याच्या व भाच्याच्या परसांमधले कुंपण पूर्वीच्या मालकाने आत सारल्याचा त्यास जुना वहीम आहे, तर हा लेसर त्या कामी चालेल काय. मी त्यास अर्ज, नकाशाची प्रत, आगाऊ मोजणी फी आणि लगत कब्जेदारांस बजावावयाच्या नोटिसा यांची सविस्तर माहिती देऊ लागलो. लगत कब्जेदार एकच होता. तो आमच्याच मोटारीत मागल्या बाकावर बसला होता, आणि त्याने घाईघाईने लेसरमधली बॅटरी काढून खिशात टाकली.