मिडल बर्थ

रात्रीचा प्रवास म्हणजे एसटी, आणि एसटी म्हणजे पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून काढलेली रात्र, एवढाच माझा अनुभव. त्यामुळे मुंबईहून कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेसने चक्क झोपून जायचं ठरलं, तेव्हा घरात लगीनघाई उडाली. शेजारच्या काकूंनी हवेची उशी दिली. मेहुण्याने बॅग बांधायला साखळी-कुलूप दिलं. स्लीपरला पांघरूण मिळत नाही म्हणून आईने सोलापुरी चादर दिली आणि ती परत आणायची शपथ घातली.

डब्यात समोर एक काका होते. माझ्या तिकिटावरचा ३४ हा आकडा बघून म्हणाले, "आठानं भागा, पावणं. एक न्हाईतर चार उरले तर लोअर, दोन न्हाईतर पाच उरले तर मिडल, तीन-सहा अप्पर. सात उरले तर साईड लोअर, आन् काहीच न्हाई उरलं तर साईड अप्पर." चौतिसाला आठाने भागून माझे दोन उरले. काहीच न उरलेला एक तरुण दादर सुटायच्या आत साईड अप्परवर घोरू लागला होता.

मी माझा पलंग शोधू लागलो. खालचा दिसत होता, वरचा दिसत होता. मधे नुसती हवा. "मिडल कुठाय?" मी विचारलं.

"ह्यो काय," शेजारच्या आजी पाठीमागे कोपर मारत म्हणाल्या. "आमी त्यालाच टेकलोय."

मिडल बर्थ दिवसा खालच्या बाकाची पाठ असतो. तो वर उचलून साखळ्यांना अडकवला की पलंग. म्हणजे मला झोपायचं तर आधी तीन माणसांची पाठ काढून घ्यायची, आणि वर त्यांना वाकून बसायला लावायचं. अप्परवाल्याला कुणाची पर्वा नाही. तो चपला पंख्याच्या जाळीवर ठेवतो आणि जगाकडे पाठ फिरवतो. लोअरवाला तर बोलूनचालून जमीनदार. मिडलवाला मात्र जिथे झोपायचं त्यालाच टेकून बसलेल्यांच्या तोंडाकडे बघत जांभया देतो.

नियम माझ्या बाजूने होता. झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. पूर्वी ती नऊला सुरू व्हायची. २०१७ साली रेल्वेने दहा केली. म्हणजे मिडलवाल्याची तासाभराची झोप सरकारदरबारीच गेली. दहाला मी घड्याळाकडे बघितलं, जरा मोठ्याने जांभई दिली. त्याच वेळी काकांनी डबा उघडला.

"जेवलासा?" त्यांनी विचारलं. "जेवलो" म्हणून कुठे सुटका असते! भाकरी, झुणका, ठेचा माझ्या हातावर आला. ज्याची भाकरी खाल्ली, त्याची पाठ कशी काढून घेणार? कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागली. "सदतीस फुटाला एक फूट चढ हाय," काका म्हणाले. "मागनं रेटल्याबिगर गाडी चढत न्हाई." मलाही मागून कुणीतरी रेटायला हवं होतं. "झोपू या का?" हे तीन शब्द घशातून वर चढेनात.

लोणावळा गेल्यावर आजींनीच तोंड फोडलं, "ह्या पोराचे डोळे मिटाय लागल्यात की!" क्षणात सगळे उभे राहिले, पाठ वर गेली, साखळ्या अडकल्या आणि मी ट्रंकेतल्या धोतरासारखा दोन फळ्यांच्या मधे घडी होऊन पडलो. उठून बसायचं तर डोकं अप्परला लागे. पाय लांब केले, तर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण पावलांना खांदा घासून जाई. हवेची उशी पुण्यापर्यंत उशी होती, नंतर नुसतंच कापड. पुण्याला चढलेल्या मंडळींनी मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर टाकून त्यांचा बर्थ शोधला. साताऱ्यानंतर मात्र कधीतरी डोळा लागला.

सांगली गेली, सहा वाजून गेले, आणि कायदा उलटला. आता बर्थ खाली करून घेणं हा काकांचा हक्क. मी जागाच होतो. खरं तर कराडपासून बाथरूमला जायचं होतं. उठणार एवढ्यात खालून आवाज आला.

"उठवू नगा हो त्याला," आजी सांगत होत्या. "रातभर तळमळत हुता."

"छे छे!" काका म्हणाले. "पोरगं पयल्यांदाच झोपून निघालंय. आमचं काय, बसू असंच."

मी कडेने हळूच खाली बघितलं. काका माझ्या बर्थखाली पाठीत वाकून, मान छातीला टेकवून मिरजेचा चहा फुंकत होते. आता मी टुणकन उठून बसलो असतो, तर त्या मानेचे हाल फुकट गेले असते. मी डोळे मिटले. संशय नको म्हणून बारीकसं घोरलोही.

"बघा," काका समाधानाने म्हणाले.

जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं. वर मी पाय आवळून, खाली ते मान आवळून. रुकडी मागे पडल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी आळोखेपिळोखे देत जागा झालो.

काका मान चोळत उभे राहिले. "काय पावणं, लागली का झोप?"

"एकदम गाढ!" मी म्हणालो आणि डब्याच्या टोकाकडे पळत सुटलो.