लेण्यांतला कचरा कसा वेचावा : नवशिक्यांसाठी

आधी टी-शर्ट छापून घ्या. पाठीवर गडाचं चित्र हवं. जायचं लेण्यांत असलं तरी चित्र गडाचंच, कारण छापखान्यात तेच तयार असतं. मग फ्लेक्स. तो परत जाताना गोणीतच जातो, त्यामुळे पहिल्या गोणीचं वजन चांगलं भरतं.

पाचगणीहून राजपुरीला उन्हं चढायच्या आत पोहोचा. वाटेत टेबल लँडला वळू नका. एकदा घोडे आणि मक्याची कणसं दिसली की अर्धी मंडळी तिथेच गळतात.

राजपुरीची लेणी म्हणजे कार्तिकस्वामीचं ठाणं, पाण्याची कुंडं. नवशिका बाटल्यांवर झडप घालतो. घालू द्या, बाटल्या फोटोत छान दिसतात. खरं काम खाली चिकटलेलं असतं: उदबत्तीची वेष्टनं, कापराच्या पुड्या, तेलकट चिंध्या आणि २०१८ पासून राज्यात बंदी असलेल्या पातळ पिशव्या, ज्या कुणीच आणत नाही. आणि कुठल्याही देवस्थानी भिंतीला टेकवून ठेवलेली तसबीर सापडतेच. काच तडकलेली, आत पाणी शिरून देवाचा चेहरा पुसलेला. इथे सगळी मोहीम थबकते. "तू उचल." "मी नको, तू उचल, तू मोठा." उचलू नका. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. पाय लागणार नाही अशी जागा तो दाखवील.

सगळ्यात जपायचं ते उत्साही गड्याला. दगडावर कुणी बदाम कोरून नावं लिहिलेली दिसली की तो पिशवीतून तारेचा ब्रश काढतो. ब्रश काढून घ्या. नावं निघतील, पण दगडाची साल घेऊन. ॲसिडची बाटली तर गाडीतच राहू द्या. संरक्षित राष्ट्रीय स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्यात, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, प्रसंगी दोन्ही. "साफ करत होतो" ही सबब त्यात लिहिलेली नाही. खापराचा तुकडा दिसला तर जागचा हलवू नका, खिशात तर मुळीच नको.

शेवटी समूहछायाचित्र. ते झालं की माणसं भराभर पांगतात आणि गोण्या वाटेच्या कडेला उरतात. रात्रभर राहिल्या तर माकडं सकाळपर्यंत सगळं पुन्हा पसरून ठेवतील. म्हणून गोण्या कुणाच्या डिकीत जाणार ते फोटोच्या आधी ठरवा, आणि त्या माणसाची किल्ली स्वतःकडे ठेवा.